गोजराआत्याची गोवरी

तुमच्या पणज्याचा पणजा अजून पाळण्यातही आला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. धामणखोऱ्यात तेव्हा घरं थोडी होती आणि बातम्या फार होत्या. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या सुनेला दिवस गेले, कुणाच्या खळ्यावर किती रास पडली, कोण कुणाशी बोलत नाही आणि का बोलत नाही, हे सगळं सकाळी विहिरीवर यायचं आणि दुपारपर्यंत वेशीबाहेर जायचं. त्यातली खरी बातमी कुठली आणि उठवलेली कुठली, हे ठरवायचं असलं की लोक विचारायचे, गोजराआत्या काय म्हणते? आत्यानं सांगितलं असलं की संपलं, पुढं कुणी वाद घालत नसे.

गोजरा ही गुरवाची एकुलती लेक. लग्न होऊन सासरी गेली, पण सासऱ्यानं कुणाला तरी दिलेला शब्द फिरवला आणि वर हिलाच खोटं बोलायला सांगितलं, तेव्हा ती कपाळाच्या कुंकवासकट माहेरी निघून आली. नवऱ्यानं टाकलेली नव्हे बरं का, नवऱ्याला टाकून आलेली. तेव्हापासून ती साऱ्या गावाची आत्या. बाप थकला तसं बापाचं काम तिच्याकडं आलं, आणि ते काम होतं घरोघर आवतण द्यायचं. असं म्हणतात, ती वरच्या आळीत बोलायला लागली की खालच्या आळीतली कुत्री उठून उभी राहायची. असंही म्हणतात की तिनं सांगितलेली तिथी पंचांगानं चुकवली असेल, पण तिनं चुकवली नाही.

आता चूलबंद आवतण म्हणजे काय, तेही ऐकून ठेवा, कारण पुढचा सगळा राग त्या चुलीतूनच उठला. साध्या आवतणाला घरातलं एक माणूस जेवून येतं. चूलबंद म्हणजे घरातलं लहानथोर, म्हातारंकोतारं, आलेला पाहुणा, सगळ्यांना बोलावणं. त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नाही. आत्या उंबऱ्यावर हळदीच्या चार अक्षता ठेवायची आणि म्हणायची, "चूलबंद हाय गं बाई. चुलीला इसावा द्या आन् समदी या." ओढ्याकाठच्या शेवटच्या घरापासून ती सुरुवात करायची आणि वर वर येत यजमानाच्याच उंबऱ्यावर शेवटच्या अक्षता ठेवायची. यजमानाला कशाला आवतण, असं कुणी चेष्टेनं विचारलं तर म्हणायची, "का? त्यांची मानसं जेवत न्हाईत व्हय?" आणि शेवटच्या घरापासून सुरुवात का, तर त्या घराला पाण्यापासून न्यायापर्यंत सगळं शेवटीच मिळतं, निदान आवतण तरी पहिलं मिळू दे.

कार्याच्या दिवशी ती गावामागच्या टेकावर चढायची आणि खाली छपरांकडं बघायची. एकाही छपरातून धूर नसला की समजायचं, आवतण सगळ्यांना पोचलं. मगच ती खाली उतरायची आणि पाण्याला तोंड लावायची.

त्या काळी गाव रावजी मोकाश्याच्या ताब्यात होतं. सारा गोळा करणारा तो, निवाडा देणारा तो, आणि ज्याच्याविरुद्ध निवाडा मागायचा, तोही बहुतेक वेळा तोच. त्याचे दोन खिलारी बैल मोकाट फिरायचे. ज्याच्या रानात शिरतील त्याचं रान खाऊन यायचे. गाव बघायचं आणि मान वळवायचं. जनावरच ते, त्याला काय कळतंय, असं एकमेकांना सांगायचं. जनावराला कळत नव्हतं हे खरं, पण जनावर सोडणाऱ्याला सगळं कळत होतं, आणि मान वळवणाऱ्यांनाही कळत होतं.

ओढ्याकाठच्या शेवटच्या घरात केरबा राहायचा. बायको तानू, म्हातारी आई आणि पोरं, एवढा त्याचा संसार. त्याचा शाळू हुरड्यात आला होता, आणि एका सकाळी ते बैल त्यात शिरले. केरबानं दगड मारला नाही, काठी उचलली नाही. दोन्ही बैल दावं लावून आपल्या दारात आणले, बांधले, वैरण घातली, पाणी पाजलं आणि चावडीवर जाऊन चारचौघांत म्हणाला, "मोकाशी, तुमची बैलं वाट चुकून माज्या दारी आलीत. मालकानं येऊन घिऊन जावीत." एवढंच बोलला. त्यात शिवी नव्हती की शाप नव्हता. पण मालकाला भर उन्हात ओढ्यापर्यंत चालत जावं लागलं, बैल सोडून आणावे लागले आणि दारादारांतून गावानं ते बघितलं. रावजीच्या पोटात ते गेलं ते तिथंच राहिलं.

पुढच्या लगीनसराईत त्याच्या लेकाचं लग्न निघालं. साऱ्या गावाला चूलबंद द्यायचं ठरलं. रावजीनं आत्याला बोलावून घेतलं.

"आत्या, समद्या गावाला आवतण दे. तेवढा केरबाचा उंबरा इसर."

"मी इसरत न्हाई," आत्या म्हणाली.

"म्हातारी झालीस, ऱ्हाऊन गेलं म्हन. तुला कोन इचारतंय?"

"ऱ्हाऊन कसं जाईल? माजा पयला उंबरा त्यो. तुला केरबाला वगळायचा असंल तर चावडीवर बस, समद्यांसमोर कारन सांग. मग मी तसंच घरोघर सांगते, की केरबाला अमुक कारनासाठी वाळीत टाकला."

आता आली का पंचाईत. कारण सांगायचं तर बैलांचं नाव निघणार, आणि बैलांचं नाव निघालं की ज्याचं ज्याचं रान खाल्लं त्याची जीभ सुटणार. रावजीला अपमान तर करायचा होता, पण हात आपला दिसायला नको होता. मोठ्या माणसांची ही जुनी खोड. घाव घालायचा आणि कोयता दुसऱ्याच्या हातात द्यायचा.

दोन-चार दिवस गेले आणि रावजी स्वतः आत्याच्या अंगणात आला. गोड बोलला. म्हणाला, "तुजं पटलं मला आत्या. लगीन हाय, मनात अढी कशाला? केरबाच्या दारी मी आन् माजी कारभारीन सोता जातो, वाजंत्री घिऊन. तू तिकडं आधी जाऊ नगंस." रीत तशीच होती. ज्या घरी यजमान स्वतः आवतण घेऊन जाणार, तिथं दुसऱ्यानं आधी पाऊल टाकायचं नसतं. मानाचं आवतण उष्टं होतं म्हणतात.

आत्याला काय वाटलं असेल? बरं वाटलं हो. आयुष्यभर भांडणाच्या बातम्या वाहिलेल्या बाईला एकदा भांडण मिटल्याची बातमी मिळाली. तिनं हळद कालवली, अक्षता केल्या आणि निघाली. पाय सवयीनं ओढ्याकडं वळले, ते तिनं माघारी फिरवले. विहिरीवर तानू भेटली तेव्हा तिला मुद्दाम बाजूला घेऊन सांगितलं, "तानू, मी येत न्हाई म्हनून रुसू नगंस. तुज्या दारी मोठी मानसं येनार हैत, वाजत गाजत. घर सारवून ठेव." आणि मग प्रत्येक उंबऱ्यावर अक्षता ठेवताना ती सांगत गेली, मिटलं बरं का, मोकाशी सोता जानार हाय केरबाकडं. गावाच्या जिवाला हायसं वाटलं. मान वळवणाऱ्यांना तर फारच हायसं वाटलं.

लग्नाचा दिवस उजाडला. तानूनं भुईवर नवं शेण फिरवलं होतं, दारात रांगोळी काढली होती. पोरांना धुतलेली बंडी घातली होती. चूल आदल्या सांजेपासून गार होती. म्हातारी सासू उंबऱ्याशी बसून कान देऊन होती. वाजंत्री वाजत होती, पण ती वरच्या आळीतच वाजत होती. जरा वेळानं म्हातारी म्हणायची, आता वळली बघ खाली. ती काही वळत नव्हती. अक्षता पडल्याचा गलका ऐकू आला. मग मांडवातून पहिल्या पंगतीची हाक ऐकू आली. पोरं आईच्या पदराला धरून चुलीकडं बघायला लागली.

त्याच वेळी आत्या टेकावर उभी होती. सगळी छपरं निवांत होती. समाधानानं ती उतरायला लागली आणि ओढ्याकाठी धुराची एक बारीक रेघ उठली. आधी तिला वाटलं, कुणी बांधावरचं गवत जाळतंय. मग तिनं नीट बघितलं. तो धूर केरबाच्या छपरातूनच निघत होता.

असं म्हणतात, टेकावरून केरबाच्या दारापर्यंत ती कुठल्या वाटेनं गेली ते कुणी बघितलं नाही. वर होती ती दिसली आणि खाली पोचली ती दिसली. मधली वाट जणू तिच्या रागानं गिळून टाकली. केरबा भिंतीकडं तोंड करून बसला होता. तानू चुलीत फुंकर घालत होती आणि डोळे पुसत होती. म्हातारीनं आत्याचा हात धरला.

"आत्या, वाजंत्री आली न्हाई गं. पोरं लई भुकेजली. म्हनून पेटवली. आमचं चुकलं का?"

चुकलं का म्हणते. ज्यांच्या दाराशी येतो म्हणून सांगून कुणी आलं नाही, ती माणसं विचारतात, आमचं चुकलं का? गरिबाला एवढं भिऊन जगायला लावलंय की उपाशी पोरासाठी स्वतःच्या घरातली स्वतःची चूल पेटवली तरी त्याला गुन्हा केल्यासारखं वाटावं. आत्याला एकच कळत होतं. केरबाला उपाशी ठेवणारं खोटं रावजीचं होतं, पण ते तानूच्या कानापर्यंत आणि गावाच्या कानापर्यंत वाहून नेलं होतं तिच्या जिभेनं. ज्या खोट्यासाठी तिनं सासर सोडलं, तेच खोटं दारोदार वाटून ती मोकळी झाली होती. माणूस म्हणून तिच्याजवळ जे काही होतं ते एवढंच होतं, की गोजरा बोलली म्हणजे खरं. तेच गेलं.

ती तडक मांडवात गेली. बाप्यांची पहिली पंगत बसली होती. पत्रावळीवर भात होता, द्रोणात गव्हाची खीर होती. आणि एक लक्षात ठेवा, मांडवाला वर कापड असलं तरी बाजू उघड्या होत्या. ओढ्यावरचा धूर त्या सगळ्यांना दिसत होता. चूलबंदाच्या दिवशी एका घरातून धूर निघतोय याचा अर्थ न कळायला ते काही परगावचे नव्हते. ज्यांनी रानं खाल्ली गेली तेव्हा मान वळवली, त्यांनी आजही मान वळवली आणि खिरीत वेलदोडा चांगला पडलाय असं म्हणाले.

"रावजी," आत्या पंगतीच्या मधोमध उभी राहून म्हणाली, "केरबाकडं गेला न्हाईस."

रावजीनं मिशीवरून हात फिरवला. "ऱ्हाऊन गेलं आत्या. लगीनघाईत हुतंय असं. आन् आमच्याकडं काय बगतीस? दारोदार तूच सांगत फिरलीस."

पंगत हसली. होय, हसली. सगळी नसेल, पण जे हसले नाहीत तेही बोलले नाहीत.

आत्यानं ते हसू संपू दिलं. मग म्हणाली, "व्हय. मीच सांगत फिरले. आता ज्या तोंडानं आवतण दिलं, त्याच तोंडानं माघारी घेते."

आवतण माघारी घेतलेलं त्याआधी कुणी ऐकलं नव्हतं, म्हणून तिच्या बोलण्याचा अर्थही कुणाला लागला नाही. ती मांडवातून निघाली आणि पुन्हा खाली गेली. ओढ्याकडच्या पहिल्या उंबऱ्यावरच्या अक्षता तिनं वेचून ओच्यात घेतल्या आणि आत हाक दिली, "आवतण माघारी घेतलं गं. चूल पेटवा."

घरोघर बाया होत्याच. बाप्ये आधी जेवणार, मग बायापोरांची पंगत, म्हणून सगळ्या रिकाम्या पोटी वाट बघत बसलेल्या. पहिल्या घरातली बाई बाहेर आली आणि म्हणाली, "आत्या, आवतण माघारी घेत्यात व्हय कुटं?"

"आजपासनं घेत्यात. तानूच्या पोरांना येतो म्हनून सांगितलं आन् कुनी गेलं न्हाई. त्या घरात धूर हाय आन् तुज्या घरात न्हाई, हे तुला सोसतंय का बग."

त्या बाईनं शेजारच्या छपराकडं बघितलं आणि आत गेली. असं म्हणतात, तिला काडी लावावी लागली नाही. नुसती फुंकर घातली आणि कालपासूनच्या गार राखेत निखारा जागा झाला. पुढच्या घरी तसंच झालं आणि त्याच्या पुढच्याही. आत्या अक्षता वेचत वर वर येत होती आणि तिच्या मागं एकेक छप्पर धुरायला लागलं होतं. बायांनी कुणाला विचारलं नाही. बैलांनी खाल्लेल्या रानातलं तण त्यांनीच काढलेलं होतं, त्यामुळं त्यांना फारसं सांगावंही लागलं नाही.

मांडवात बसलेल्यांना आधी धुराचा वास आला. मग संताजी नावाच्या एका म्हाताऱ्याचं आपल्या घराकडं लक्ष गेलं. त्यानं भाताला लावलेला हात काढून घेतला.

"माजी चूल पेटली," तो म्हणाला. "चूल पेटल्यावर मला हितं आवतण न्हाई. मग मी हितं कशाला बसलोय?"

तो उठला. घरची चूल पेटलेली असताना चूलबंदाच्या पंगतीत बसणं म्हणजे बिनबोलावता जेवणं, आणि ती लाज खिरीच्या द्रोणापेक्षा मोठी होती. त्याच्या शेजारचा उठला, त्याच्या पलीकडचा उठला. रावजी म्हणाला, बसा, एका बाईच्या नादाला काय लागता. पण हसणारे आता त्याच्याकडं बघतच नव्हते. मान वळवायची सवय त्यांना होतीच, आज फक्त ती दुसऱ्या बाजूला वळली.

राहिला होता एक उंबरा, रावजीचाच. आत्या तिथं आली. रावजीची बायको सगुणा दारात उभी होती, अंगावर लग्नाचं लुगडं. आपल्या नावानं काय काय खपवलं गेलंय हे तिला आत्ता कळलं होतं. वाजंत्री घेऊन केरबाकडं जायचं आहे, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

"सगुणा, तुजंबी माघारी घेतलं," आत्या म्हणाली आणि शेवटच्या अक्षता वेचल्या.

"केरबाची आई उपाशी हाय?" सगुणानं विचारलं.

"पोरंबी."

सगुणा आत गेली आणि तिनं आपल्या हातानं मोकाश्याच्या घरातली चूल पेटवली. आता ज्याच्या लेकाचं लग्न, ज्याचा मांडव, ज्याची खीर, त्यालाच त्या मांडवात आवतण उरलं नाही. असं म्हणतात, साऱ्या गावाचा धूर मग एकत्र झाला आणि मांडवात उतरला. वारा उलटा होता तरी धूर रावजीकडं गेला, रावजी उठून दुसरीकडं गेला तर धूर तिकडं गेला. उरलेलं अन्न बैलांपुढं टाकलं, तर त्या बैलांनीही हुंगून तोंड फिरवलं. पुढं मरेपर्यंत रावजीच्या डोळ्यांतलं पाणी खळलं नाही म्हणतात.

शेवटी तो एकटा ओढ्याकडं चालत गेला. केरबा उठला नाही. म्हातारीच म्हणाली, "ये रावजी. भाकरी झालीया, चुलीम्होरं बस आन् खा." तिनं ते टोमण्यानं म्हटलं नव्हतं, दारात आलेल्याला म्हणायचं म्हणून म्हटलं होतं. त्यानं ती खाल्ली. मग केरबाला हात जोडून आवतण दिलं, आणि तिथून सुरुवात करून गावातल्या प्रत्येक उंबऱ्यावर स्वतःच्या पायानं गेला. संध्याकाळी खीर पुन्हा शिजली आणि पंगतीला आधी केरबाची आई बसली.

तुम्ही म्हणाल, झालं, मिटलं. कुठलं मिटलं? केरबापुढं हात जोडणाऱ्याला आत्याची माफी मागायची आठवण झाली नाही. आवतण नेणारीच ती, तिचं काय बिघडलं, असं त्याला वाटलं असेल. गावालाही तसंच वाटलं. ती त्या पंगतीला बसली नाही. पुढं कुणी आवतण द्यायला बोलावलं तर म्हणायची, "माज्या जिभेला डाग लागला. खरं सांगनारी दुसरी बगा." तिनं आवतणही दिलं नाही आणि विहिरीवर बातमीही सांगितली नाही. फक्त चूलबंदाच्या दिवशी टेकावर चढायची आणि छपरं बघत बसायची. असं म्हणतात, अशाच एका दिवशी ती वर गेली आणि खाली आली नाही. लोक बघायला गेले तर तिथं एक धोंडा होता, तव्यासारखा गरम, आणि त्यावर हळदीच्या अक्षता.

तो धोंडा अजून आहे. आता धामणखोऱ्यात सिमेंटची घरं झाली, घरोघर गॅस आला, कुणाची चूल पेटली ते छपरावरून कळत नाही. म्हणून कुणालाही वगळावं आणि ते कुणाला कळू नये, अशी सोय झाली असं तुम्हाला वाटेल. तसं नाही. या गावात प्रत्येक घरात, अगदी फरशीच्या ओट्याखालीसुद्धा, एक सुकी गोवरी ठेवलेली असते. तिला गोजराआत्याची गोवरी म्हणतात. नवी सून घरात आली की तिला देव्हाऱ्यानंतर तीच दाखवतात. चूलबंदाच्या दिवशी ज्याच्या उंबऱ्यावर कुणी आलं नाही, त्यानं ती गोवरी अंगणात पेटवायची.

आणि पहिली पंगत बसली की एक बाई टेकावर जाते. ती धोंड्यापाशी उभी राहून चारी बाजूंना बघते आणि खाली बघून हात हलवते, तेव्हा कुठं पहिला घास तोंडात जातो. मागं एकदा सरपंचाच्या घरच्या कार्यात तिनं हात हलवला नाही. ओढ्यापलीकडच्या नव्या वस्तीवर धूर होता. दुसऱ्या तालुक्यातून येऊन राहिलेलं एक कुटुंब, कुणाच्या ध्यानातही नसलेलं, पण कुणीतरी त्यांनाही गोवरी दिलेली होती. साऱ्या पंगतीनं हातातला घास पत्रावळीवर परत ठेवला. सरपंच फेटा सावरत वस्तीवर गेला, त्या माणसांना घेऊन आला, आणि तोवर भात गार झाला तरी कुणी हात लावला नाही. त्यानं त्या घरच्या बाईपुढं हात जोडले आणि म्हणाला, माझी चूक झाली. राहून गेलं, असं तो म्हणाला नाही. त्या कामी तो शब्द धामणखोऱ्यात अजून कुणी उच्चारत नाही.